पाटा, आखाडा आणि यजमानपण

२५ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील कसोटीचा दुसरा दिवस होता आणि मी डोक्यावर टोपी व त्यावर ओला रुमाल टाकून उघड्या स्टँडमध्ये बसलो होतो. विराट कोहली एका धावेवर खेळत होता. मिचेल सँटनरच्या हातून एक संथ, खाली झुकत येणारा फुलटॉस सुटला, कोहलीने तो आडव्या बॅटने ओढायचा प्रयत्न केला, तो हुकला आणि त्रिफळा उडाला. क्षणभर सगळे मैदान गप्प झाले. मग माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणाले, “खेळपट्टीच खराब केलीय हो यांनी.” चेंडूने खेळपट्टीला स्पर्शसुद्धा केला नव्हता, पण त्या क्षणी त्यांना ते सांगण्याचे धाडस मला झाले नाही. शिवाय ते अगदीच चूक बोलत होते, असेही आज मला वाटत नाही.

बंगळुरूच्या ढगाळ हवेत ४६ धावांत गारद होऊन पहिली कसोटी गमावल्यावर आपण पुण्यात काळ्या मातीची, कोरडी आणि संथ खेळपट्टी तयार करवून घेतली. त्या दिवसापूर्वी कसोटीच्या एका डावात कधीही पाच बळी न घेतलेल्या सँटनरने तिच्यावर पहिल्या डावात ५३ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात १०४ धावांत ६ गडी बाद केले. न्यूझीलंडने ११३ धावांनी सामना जिंकला आणि मायदेशात सलग १८ मालिका जिंकण्याचा आपला क्रम शनिवारी, तिसऱ्याच दिवशी, तुटला. पुढच्या आठवड्यात वानखेडेवर मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने ११ बळी घेऊन ०-३ वर शिक्कामोर्तब केले.

पुणेकर म्हणून मला हे सारे ओळखीचे वाटले, कारण याच मैदानावरच्या पहिल्या कसोटीत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, हाच प्रयोग याच रीतीने फसला होता. त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीपटूने दोन्ही डावांत बरोबर ३५ धावांत ६ बळी घेतले होते. पहिल्या डावात आपले शेवटचे सात गडी ११ धावांत गेले होते, आपण १०५ आणि १०७ धावांत संपलो होतो आणि ऑस्ट्रेलियाने ३३३ धावांनी सामना खिशात घातला होता. सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला तो वेगळाच.

कसोटी क्रिकेटमध्ये यजमानाने आपल्याला सोयीची खेळपट्टी करावी की नाही, हा वाद जुना आहे आणि त्यात मी नेहमी यजमानाच्या बाजूने उभा राहतो. इंग्लंडमध्ये ड्यूक, ऑस्ट्रेलियात कुकाबुरा आणि आपल्याकडे एसजी असा चेंडूसुद्धा यजमान आपल्या पसंतीचा वापरतो, तर माती आणि गवताबाबतच सोवळे पाळण्याचे कारण मला दिसत नाही. परक्या मुलखात, परक्या हवेत आणि परक्या मातीवर खेळून दाखवणे हाच कसोटी दौऱ्याचा अर्थ आहे. माझे म्हणणे निराळे आहे. यजमानपणाचा फायदा ही खरी गोष्ट असली तरी ती नाजूक आहे. खेळपट्टी एका टोकाला नेऊन पाटा (गोलंदाजाला काहीच न देणारी) केली किंवा दुसऱ्या टोकाला नेऊन आखाडा (पहिल्या दिवसापासून फुटणारी, चेंडू हातभर वळवणारी) केला, की तो फायदा यजमानाच्याच हातून निसटतो. तरीही यजमान पुन्हा पुन्हा ही दोन टोके गाठतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा कावा नसून भीती असते.

आधी पाट्याविषयी. मराठी माणसाने निर्जीव खेळपट्टीला ‘पाटा’ म्हणावे यात मला एक गंमत वाटते, कारण स्वयंपाकघरातल्या पाट्याला टाकी लावून घेतात ती त्याला धार राहावी म्हणून. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती घसरत राहते. गोलंदाजाचे नेमके तेच होते. ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोच्या प्रेमदासा मैदानावर डोंबिवलीच्या निलेश कुलकर्णीने कसोटी पदार्पणातल्या अगदी पहिल्या चेंडूवर मर्वन अटापट्टूला बाद केले, तेव्हा आमच्या चाळीत लोक रेडिओभोवती नाचले होते. त्याआधी आपण ८ बाद ५३७ वर डाव घोषित केला होता, सिद्धू, सचिन आणि अझरुद्दीन यांची शतके झाली होती आणि आता बळीही मिळाला होता. त्यानंतर सनथ जयसूर्या आणि रोशन महानामा यांनी ५७६ धावांची भागीदारी केली. जयसूर्याने ३४०, महानामाने २२५ धावा काढल्या आणि श्रीलंकेने ६ बाद ९५२ अशी जी धावसंख्या उभारली ती आजही कसोटीतली सर्वोच्च आहे. कुलकर्णीचे पृथक्करण ७० षटके, १९५ धावा आणि १ बळी असे राहिले. पहिल्या चेंडूनंतरचे ४१९ चेंडू त्या उंचापुऱ्या मुलाने इमानेइतबारे टाकले आणि त्यांतल्या एकानेही त्याला काही दिले नाही. तो एकूण तीनच कसोटी खेळला. अशा सामन्यातून कोण चांगला आणि कोण वाईट याचा निवाडा कसा करायचा? श्रीलंकेने ढीगभर विक्रम केले, पण सामना अनिर्णितच राहिला. मुथय्या मुरलीधरन हाताशी असताना!

२००६ च्या पाकिस्तान दौऱ्यात तर हे एकाच मालिकेत दिसले. लाहोरला पाकिस्तानने ७ बाद ६७९ धावा केल्या, त्यावर सेहवाग आणि द्रविड यांनी ४१० धावांची सलामी दिली आणि सगळ्या सामन्यात मिळून आठच गडी बाद झाले. फैसलाबादला दोन्ही संघांनी मिळून १७०२ धावा काढल्या आणि निकाल पुन्हा लागला नाही. शेवटी कराचीत खेळपट्टीवर थोडे गवत आणि ओलावा राहिला. इरफान पठाणने पहिल्याच षटकात हॅटट्रिक घेऊन पाकिस्तानची ३ बाद ० अशी अवस्था केली. असे असूनही तो सामना पाकिस्तानने ३४१ धावांनी जिंकला, कारण त्यांच्याकडे त्या हवेत चेंडू स्विंग करणारे गोलंदाज आपल्यापेक्षा अधिक होते. दोन सामने यजमानांनी आपलीच ताकद मातीखाली गाडून ठेवली होती आणि तिसऱ्यात ती नाइलाजाने बाहेर काढल्याबरोबर मालिका त्यांची झाली. हा धडा तिथे फार काळ टिकला नाही. मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ रावळपिंडीला आला, तेव्हा पाच दिवसांत चौदा गडी बाद झाले. रमीझ राजा त्या वेळी पाकिस्तानी मंडळाचे अध्यक्ष होते. वेगवान आणि उसळती खेळपट्टी देणे म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मनासारखे खेळणे झाले असते, अशा आशयाचा खुलासा त्यांनी केला. ती मालिका अखेर ऑस्ट्रेलियानेच १-० अशी जिंकली.

पाट्यामागे पैशाचाही हिशेब असतो, कारण पाच दिवसांची तिकिटे, पाच दिवसांचे प्रक्षेपण आणि पाच दिवसांच्या जाहिराती कोणाला नकोशा असतील? मात्र जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेने त्या हिशेबाला थोडा धक्का दिला आहे. विजयाला १२ गुण आणि अनिर्णित सामन्याला अवघे ४ असल्यामुळे घरच्या मैदानावर सामना अनिर्णित सोडणे म्हणजे आता आठ गुण घालवणे ठरते. लंबक त्यामुळेच दुसऱ्या टोकाकडे झुकला असावा, असे मला वाटते.

आता आखाड्याकडे वळतो आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण आपल्याकडचा गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे उत्तम फिरकीपटू आहेत, मग चेंडू पहिल्या तासापासून हातभर वळला की आपण जिंकणारच, असा सरळ हिशेब लोक मांडतात. प्रत्यक्षात अश्विन आणि साधारण फिरकीपटू यांच्यातले अंतर चांगल्या खेळपट्टीवर सर्वाधिक असते. तिथे फलंदाजाला उंची देऊन पुढे खेचावे लागते, वेग दोन-चार किलोमीटरने कमी-जास्त करावा लागतो, क्रीजचा कोपरा वापरावा लागतो आणि वीस-वीस षटके त्याच धीराने टाकावी लागतात. फुटलेल्या खेळपट्टीवर यातले काहीच लागत नाही. एका टप्प्यावर जोरात आणि सपाट चेंडू टाकत राहिले की एक वळतो आणि त्याच हाताने सुटलेला दुसरा सरळ जातो. कोणता वळणार हे गोलंदाजालाही ठाऊक नसते, तर फलंदाजाला कुठून कळावे? फेब्रुवारी २०२१ च्या अहमदाबादच्या दोन दिवसांत संपलेल्या कसोटीत अक्षर पटेलने बळींचा सडा घातला तो मुख्यतः सरळ येणाऱ्या चेंडूंवर. पण त्याच सामन्यात हौसेने ऑफस्पिन टाकणाऱ्या जो रूटने ८ धावांत ५ गडी बाद केले होते. त्याआधी नोव्हेंबर २००४ मध्ये वानखेडेवर मायकेल क्लार्कने ९ धावांत ६ बळी घेतले होते. तोही पोटापाण्यासाठी गोलंदाजी करणारा नव्हे. हे दोन्ही सामने आपणच जिंकलो हे खरे, पण जिथे रूट आणि क्लार्क अश्विनच्या पंक्तीला बसतात तिथे अश्विन घरी असल्याचा आपल्याला फायदा काय राहिला?

नोव्हेंबर २०१२ मध्ये इंग्लंडविरुद्ध अहमदाबादची पहिली कसोटी जिंकूनही धोनीला ती खेळपट्टी पसंत पडली नव्हती. त्याला पहिल्या दिवसापासून वळणारी हवी होती आणि वानखेडेवर ती मिळाली. माँटी पानेसरने ११ बळी घेतले, स्वानने ८ घेतले, पीटरसनने १८६ धावांची खेळी केली आणि इंग्लंडने १० गडी राखून विजय मिळवला. ती मालिकाही आपण १-२ ने हरलो, आणि तोच आपला २०२४ पूर्वीचा घरचा शेवटचा मालिका-पराभव होता.

याउलट त्याच इंग्लंडचा २०१६ चा दौरा पाहा. वानखेडेवर नाणेफेक जिंकून इंग्लंडने ४०० धावा केल्या. आपण कोहलीच्या २३५ आणि जयंत यादवच्या शतकाच्या बळावर ६३१ केल्या आणि एक डाव व ३६ धावांनी जिंकलो. अश्विनने त्या सामन्यात १२ बळी घेतले. पुढे चेन्नईत इंग्लंडने ४७७ केल्या. आपण करुण नायरच्या नाबाद ३०३ धावांसह ७ बाद ७५९ वर डाव घोषित केला आणि शेवटच्या दिवशी जडेजाने ४८ धावांत ७ बळी घेऊन एक डाव व ७५ धावांनी विजय मिळवून दिला. पाहुण्यांनी पहिल्या डावात ४०० आणि ४७७ धावा केल्या आणि तरीही ते दोन्ही वेळा डावाने हरले. माझ्या मते यजमानपणाचा फायदा तो हाच. वानखेडेची लाल माती उसळी देते आणि हळूहळू सुटत जाते. तिच्यावर पहिले दोन दिवस फलंदाजाला न्याय मिळतो आणि नंतर ज्याच्याकडे कला आहे त्या फिरकीपटूला मिळतो. सँटनर त्या खेळपट्टीवर सात बळी घेऊच शकला नसता असे मी म्हणत नाही, पण त्याला ते घाम गाळून घ्यावे लागले असते.

माझा नागपूरचा एक मित्र या मतावर गेली अनेक वर्षे तुटून पडत आला आहे, आणि पुण्याच्या पराभवाच्या रात्री त्याने जो मुद्दा काढला त्याने मी खरोखर अडचणीत आलो. त्याच शनिवारी, २६ ऑक्टोबरला, रावळपिंडीत पाकिस्तानने इंग्लंडला ९ गडी राखून हरवले होते, तेही आखाड्यावर. त्या मालिकेची कथा विलक्षण आहे. मुलतानच्या पहिल्या कसोटीत पाकिस्तानने पाट्यावर ५५६ धावा केल्या. इंग्लंडने हॅरी ब्रूकच्या ३१७ आणि रूटच्या २६२ धावांच्या जोरावर ७ बाद ८२३ केल्या आणि पाकिस्तान एक डाव व ४७ धावांनी हरले. पहिल्या डावात पाचशेहून अधिक धावा करून डावाने हरणारा तो कसोटी इतिहासातला पहिला संघ ठरला. मग त्यांनी दुसऱ्या कसोटीसाठी चक्क तीच, पाच दिवस तुडवलेली खेळपट्टी पुन्हा वापरली आणि तिच्या दोन्ही टोकांना भलेमोठे पंखे लावून ती वाळवली. नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि नौमान अली व साजिद खान या दोघांनी वीसच्या वीस बळी घेतले. रावळपिंडीला पंख्यांच्या जोडीला हीटरही आले. दोन सामन्यांत मिळून बाद झालेल्या ४० पैकी ३९ गडी या जोडीच्या नावावर लागले आणि मालिका २-१ ने पाकिस्तानच्या पदरात पडली. “आता सांग,” मित्र म्हणाला, “आखाड्याने यजमान बुडतो म्हणे!”

त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर विचार करता मला असे वाटले की, इंग्लंडच्या संघात वळणाऱ्या खेळपट्टीवर मुरलेला फिरकीपटू जवळजवळ नव्हता आणि त्यामुळे अंतर फार पडले, म्हणून तो डाव जमला. म्हणजे आखाडा हे शस्त्र समोरच्याकडे बरा फिरकीपटू नसेल तेवढ्यापुरतेच चालते. हे पटायला फार वाट पाहावी लागली नाही. जानेवारी २०२५ मध्ये वेस्ट इंडीज त्याच मुलतानला आले. पाकिस्तानने पहिली कसोटी जिंकली, पण दुसरीत जोमेल वॉरिकनने ९ बळी घेतले आणि वेस्ट इंडीजने १२० धावांनी विजय मिळवला. १९९० नंतर पाकिस्तानात त्यांनी जिंकलेला तो पहिलाच कसोटी सामना होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेने रावळपिंडीत ८ गडी राखून जिंकून मालिका बरोबरीत सोडवली. पंखे आणि हीटर कोणत्याही संघाची बाजू घेत नाहीत.

गवताची गोष्टही वेगळी नाही. मेलबर्नची खेळपट्टी २०१७ च्या अ‍ॅशेसमध्ये इतकी मेलेली होती की अ‍ॅलिस्टर कुकने नाबाद २४४ धावा केल्या, पाच दिवसांत २४ गडी बाद झाले आणि सामनाधिकाऱ्यांनी तिला ‘निकृष्ट’ ठरवले. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच मैदानावर दहा मिलिमीटर गवत ठेवले गेले, पहिल्याच दिवशी वीस गडी बाद झाले आणि सामना दोन दिवसांत संपला. जिंकले कोण? २०११ पासून ऑस्ट्रेलियात एकही कसोटी न जिंकलेला इंग्लंडचा संघ. तत्पूर्वी पर्थची कसोटीही दोनच दिवस चालली होती, पण तिच्या खेळपट्टीला ‘अतिशय चांगली’ असा शेरा मिळाला. दोन दिवसांत सामना संपला की आपल्याकडच्या मातीला नावे ठेवायची आणि तिकडच्या गवताचे कौतुक करायचे, ही आपली तक्रार खरीच आहे, परंतु तिच्या आडोशाने आपल्या आखाड्यांचे समर्थन करता येत नाही.

तटस्थ क्युरेटर (खेळपट्टी तयार करणारे) नेमावेत, नाणेफेक रद्द करून पाहुण्यांना निवड करू द्यावी, अशा सूचना अधूनमधून येतात. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये २०१६ पासून काही हंगाम पाहुण्या कर्णधाराला नाणेफेकीविना आधी गोलंदाजी घेण्याची मुभा होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या समितीने मे २०१८ मध्ये अनिल कुंबळे यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत बसून या विषयाचा विचार केला आणि नाणेफेक कायम ठेवली, ते मला योग्य वाटते. तटस्थ क्युरेटर तर मला मुळीच नको. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानाची काळी माती किती पाणी धरते हे परदेशातून आठवडाभरासाठी आलेल्या माणसाला काय कळणार?

पाहुण्यांनी कसे जिंकावे, हे मला ऑगस्ट २००२ मध्ये हेडिंग्लेवर दिसले. ढगाळ हवा, हिरवी खेळपट्टी, समोर इंग्लंडचे वेगवान गोलंदाज. गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि संघात कुंबळे व हरभजन असे दोन फिरकीपटू खेळवले. सेहवाग लवकर बाद झाल्यावर बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर द्रविडबरोबर उभा राहिला. चेंडू बॅटच्या कडेवरून जात होते, अंगावर येत होते, आणि हा गडी प्रत्येक चेंडूकडे तो शेवटचाच असल्यासारखा बघत होता. त्याने २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या आणि द्रविडसह १७० धावांची भागीदारी रचली. द्रविड १४८, सचिन १९३ आणि गांगुली १२८ ही शतके सर्वांना आठवतात, परंतु त्या शतकांसाठी जमीन भुसभुशीत करून दिली ती बांगरने. आपण एक डाव व ४६ धावांनी जिंकलो. यजमानाने आपला फायदा पुरेपूर घेतला होता आणि तरीही पाहुण्याला वाट मोकळी होती, अशी ती खेळपट्टी होती.

मित्राशी वाद अजून मिटलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार फिरकीपटू घेऊन उतरलेला आपला संघ १२४ धावांचा पाठलाग करताना ९३ धावांत संपला. मानदुखीमुळे शुभमन गिल फलंदाजीला येऊ शकला नाही हे खरे, पण सायमन हार्मरने सामन्यात ८ बळी घेतले आणि संपूर्ण सामन्यात एकच अर्धशतक झाले, ते पाहुण्या कर्णधाराचे, टेंबा बवुमाचे. सामन्यानंतर आपले प्रशिक्षक गौतम गंभीर म्हणाले की आम्हाला हवी होती तशीच खेळपट्टी मिळाली. मी मित्राला लगेच फोन लावला, कारण असा पुरावा रोज मिळत नाही. आठवडाभराने गुवाहाटीच्या पहिल्यावहिल्या कसोटीत मात्र खेळपट्टी उत्तम निघाली. दक्षिण आफ्रिकेने ४८९ धावा केल्या, मार्को यान्सेनने उसळत्या चेंडूंवर आपली फळी कापून काढली, मग हार्मरने उरलेसुरले काम केले आणि आपण ४०८ धावांनी हरलो. त्या संध्याकाळी मित्राचा एका ओळीचा निरोप आला: “चांगली खेळपट्टी मिळाली ना तुला?”

मी त्याला उत्तर पाठवले की हो, मिळाली, आणि या वेळी आपण का हरलो हे निदान सांगता तरी येते. त्यावर त्याने फक्त हसणारा चेहरा पाठवला. जामठ्याला पुढची कसोटी होईल तेव्हा तिकिटे तो काढणार आहे आणि संत्र्याची बर्फीही आणणार आहे. टोपी आणि ओला रुमाल मात्र मी माझा घेऊन जाईन.